ब्लॅकबर्डचं गाणं पियानोवर आणताना: कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

काम असं आहे: ब्लॅकबर्ड या युरोपातल्या काळ्या गाणाऱ्या पक्ष्याच्या ध्वनिमुद्रणावरून पियानोसाठी दोन-तीन मिनिटांची रचना करायची. पक्ष्याची नुसती आठवण करून देणारी गोड धून नको आहे. त्याची वाक्यं, त्याच्या थांबण्याच्या जागा आणि त्याच्या आवाजाचा पोत पट्ट्यांवर उतरतो का, ते बघायचं आहे.

या वाटेवर सगळ्यात लांब गेलेला माणूस म्हणजे फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ. त्यांच्या 'कातालोग द्वाझो'मध्ये (१९५६–५८) पियानोच्या तेरा रचना सात भागांत आहेत, आणि प्रत्येक रचना एका पक्ष्याच्या नावाची आहे. त्यांची रीत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. पक्षी फार जलद गातो, फार वर गातो, आणि त्याची अंतरं अर्ध्या स्वराहूनही बारीक असतात. म्हणून लय उतरवायची, सगळं काही सप्तकं खाली आणायचं आणि अंतरं एकाच प्रमाणात रुंद करायची. शिवाय प्रत्येक स्वराला त्याची स्वतःची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) द्यायची. पहिले तीन मुद्दे वाचताक्षणी कळतात. चौथ्याचा अर्थ हाताने करून बघितल्याशिवाय कळेल असं वाटत नाही.

ब्लॅकबर्डच का? तो सावकाश गातो, शीळ स्वच्छ असते, आणि दोन वाक्यांमध्ये भरपूर थांबतो. सुरुवात करणाऱ्यांनी नाइटिंगेल किंवा चंडोलाच्या मागे लागू नये. त्यांच्या जलद तानांमध्ये कान हरवतो आणि काम पहिल्या वाक्यातच अडकतं.

१५ फेब्रुवारी

झेनो-कांतो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संग्रहातून काही ध्वनिमुद्रणं घेतली. उतरवून घेण्याआधी प्रत्येकाचा परवाना वाचा. काहींवरून नवीन रचना करण्याची मोकळीक असते, काहींवर नसते. गाणं आवडलं, त्यावर काम सुरू केलं आणि परवाना नंतर बघितला, तर सगळंच टाकून द्यावं लागेल.

निवडताना गोडव्यापेक्षा शांतता महत्त्वाची. मागे दुसरे पक्षी गात असले तर त्यांचे स्वर आपल्या पक्ष्याच्या नावावर जमा होतात. वाहनांची घरघर मात्र फार नडत नाही. ती बहुतेक १००० हर्ट्झच्या खाली असते, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत गाळता येते, आणि ब्लॅकबर्डची शीळ साधारण त्याच्या वरच असते.

१८ फेब्रुवारी

पहिला प्रयोग, जसंच्या तसं: पक्षी ज्या उंचीवर गातो त्याच पट्ट्या. माझ्या निवडलेल्या वाक्याची शीळ १७५० ते २३५० हर्ट्झच्या दरम्यान आहे (४४० हर्ट्झचा 'ए' चौथ्या सप्तकातला धरून ए६ ते डी७). पियानोची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झची, म्हणजे हे स्वर पियानोवर आहेत. पण आहेत एवढंच. तिथे तार इतकी आखूड असते की स्वर कानावर येण्याआधी हातोडीचा लाकडी ठोका येतो, आणि स्वर लगेच विझतो. पक्ष्याची शीळ मात्र भरलेली आणि धरून ठेवलेली असते. शीळ संपल्यावरची बारीक चिवचिव ५००० हर्ट्झच्याही वर जाते, तिथे तर पट्ट्याच नाहीत.

त्यामुळे दोन सप्तकं खाली. शीळ आता पियानोच्या मधल्या, गाणाऱ्या भागात आली.

२३ फेब्रुवारी

लिहून घेण्याचं काम. नुसत्या कानाने घेतलेलं वाक्य प्रत्येक वेळी वेगळं येत होतं, म्हणून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळ आणि उंची दाखवणारं आवाजाचं चित्र, उघडला. इथे एक अडचण सगळ्यांना येणार, म्हणून आकड्यांसकट लिहितो. ४४,१०० च्या सॅम्पलिंगला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) विंडो साइज, म्हणजे एका वेळी तपासायचे नमुने, ४०९६ ठेवली, तर वारंवारता सुमारे ११ हर्ट्झइतकी बारीक दिसते. पण वेळ ९३ मिलिसेकंदांनी पसरतो. जलद स्वर एकमेकांत मिसळतात. १०२४ ठेवली तर वेळ २३ मिलिसेकंदांपर्यंत नेमका येतो, पण उंचीची रेघ ४३ हर्ट्झ जाड होते. २००० हर्ट्झच्या आसपास पाव स्वर साधारण ५८ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्या जाड रेघेत पाव स्वर जेमतेम ओळखू येतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही वापरायचे. लांब धरलेल्या स्वरांची उंची ४०९६ वर वाचायची आणि लयीसाठी १०२४ वर यायचं. एकाच चित्रातून दोन्ही काढायच्या हट्टात सगळा आठवडा गेला.

आणखी एक: ध्वनिमुद्रण संथ करायच्या दोन पद्धती असतात. वेग बदलला तर उंचीही उतरते. निम्म्या वेगाला बरोबर एक सप्तक. फक्त लय बदलली तर उंची तशीच राहते, पण आवाजाला पाणीदार घरघर येते. स्वर ओळखायला नेहमी पहिली पद्धत वापरा.

२८ फेब्रुवारी

पहिलं वाक्य हाती आलं. पाच स्वर: बी, डी, सी, सीच्या पाव स्वर वर, आणि खाली ए.

पियानोला पाव स्वर नाही. जवळच्या पट्टीवर ओढला तर तिसरा आणि चौथा स्वर एकच होतो, किंवा चौथा सी शार्प होऊन भलताच ठळक होतो. दोन्ही करून बघितलं. पहिल्यात वाक्याचा प्राण जातो, कारण ती बारीक चढण हाच त्यातला प्रश्नार्थक हेल आहे. दुसऱ्यात एकच पाऊल मोठं होतं आणि बाकीची तशीच राहतात, त्यामुळे चाल लंगडते.

मेसियाँ म्हणतात त्याप्रमाणे सगळीच अंतरं दुप्पट केली. पाव स्वराचा अर्धा झाला. बी ते डी ही तीन अर्ध्या स्वरांची उडी सहाची झाली. नवं वाक्य: बी, एफ, सी शार्प, डी, जी. कागदावर हे मूळ वाक्यापासून फार दूर दिसतं. वाजवलं तर जवळ येतं, कारण कान स्वरांची नावं ऐकत नाही. मोठी उडी, थोडी माघार, बारीक चढण आणि खोल उतरण असा आकार ऐकतो, आणि तो आकार शाबूत आहे.

५ मार्च

लय. सगळं वाक्य चार मात्रांच्या चौकटीत बसवून बघितलं, कारण वाचायला सोपं. पक्षी कवायत करायला लागला.

मग स्वरांची लांबी स्पेक्ट्रोग्रामवर मोजली. सगळ्यात छोटा स्वर ०.०७ सेकंदांचा. तो एक धरला तर पाच स्वर साधारण ३, २, ५, १, ४ असे येतात. बेरीज पंधरा, आणि यात कुठेही सम मात्रेची चौकट नाही. म्हणून टाइम सिग्नेचर काढून टाकली, डेमीसेमीक्वेव्हर (क्वेव्हर या स्वरलांबीचा चौथा भाग) हे एकक धरलं आणि लांबी बेरजेने लिहिली. लय निम्मी केली, म्हणजे एकक ०.१४ सेकंदांचं आणि क्वेव्हरला मेट्रोनोम १०७ च्या आसपास. उंची दोन सप्तकं उतरली म्हणून लयही चौपट संथ करायची गरज नाही. तशी करून बघितली तर पक्ष्याऐवजी विलंबित आलाप ऐकू येतो.

छोटं एकक घेऊन त्याची बेरीज करत जाणं हे मराठी वाचकाला परकं वाटू नये. मेसियाँची ही दृष्टी घडली त्यात शार्ङ्गदेवांचा मोठा वाटा आहे. 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. त्यातल्या १२० देशी तालांची यादी मेसियाँना फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि ती त्यांनी आयुष्यभर वापरली. पियानो आणि छोट्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या 'वाझो एक्झोतिक'मध्ये (१९५५–५६) तालवाद्यांकडे हे ताल आहेत आणि त्यांच्यावर पक्षी गातात. त्या पक्ष्यांमध्ये आपला शामाही आहे. देवगिरीचे ताल आणि शामाची शीळ पॅरिसमध्ये एकाच पानावर भेटतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

११ मार्च

आता खरा प्रश्न. उंची बरोबर, आकार बरोबर, लय बरोबर, आणि तरीही पियानोवर पक्षी नाही. एक-एक स्वर वाजवला की एखाद्या आधुनिक एट्यूडची (सरावासाठीच्या रचनेची) ओळ ऐकू येते. सप्तकाच्या जोडीने वाजवलं तर तीच ओळ जरा जाड होते.

डाव्या हाताला साथ दिली. ई मायनर, जी मेजर, असे साधे त्रिस्वर. हे सगळ्यात वाईट झालं. साथ आली की वरची ओळ आपोआप गाणं होते, तिला शब्दही सुचायला लागतात. खाली माणसाचं घर आणि वर पक्ष्याचं नाव, एवढंच उरलं. ते सगळं खोडलं.

१६ मार्च

साथ नको, कॉर्डच स्वरासोबत हलली पाहिजे. मेलडीच्या प्रत्येक स्वराखाली, त्याच क्षणी, तेवढ्याच लांबीची कॉर्ड. मेसियाँच्या लिखाणातली 'रेझोनन्स' कॉर्ड घेतली. तळाच्या सीच्या नैसर्गिक उपस्वरांवरून ती रचलेली आहे: सी, ई, जी, बी फ्लॅट, डी, एफ शार्प, जी शार्प, बी. प्रत्येक स्वरासाठी ती हलवून बसवली.

आवाज भव्य आला. पण आठ स्वरांची कॉर्ड डेमीसेमीक्वेव्हरच्या लयीत दोन्ही हातांनी उचलताना प्रत्येक वेळी धडक ऐकू येते. एक कॉर्ड लांब धरायची असेल तिथे ती अप्रतिम आहे, शीळेसाठी जड.

शिवाय सगळीकडे एकच कॉर्ड सरकवली की ऑर्गनचा एक स्टॉप ओढून ठेवल्यासारखा पोत शेवटपर्यंत तोच राहतो. माझा पक्षी एका वाक्यात दोन-तीन वेळा आवाज बदलतो. पहिला स्वर गोल, दुसरा धारदार, शेवटचा जवळजवळ श्वासासारखा.

२२ मार्च

या नोंदीसाठी बाकीच्या सगळ्या लिहिल्या असं म्हटलं तरी चालेल.

मला अडलं होतं ते इथे: स्पेक्ट्रोग्रामवर ब्लॅकबर्डची शीळ जवळजवळ शुद्ध स्वर दिसते. एक ठळक रेघ, वर उपस्वर फारच फिके. म्हणजे हिशेबाने त्याला पियानोचा एकटा स्वर जवळ असायला हवा आणि चार स्वरांची कॉर्ड लांब. कानाला बरोबर उलटं वाटतं. असं का?

रेघ मोठी करून बघितली तेव्हा उत्तर दिसलं. ती रेघ सरळ नाहीच. स्वर खालून मींड घेऊन येतो, मध्ये थरथरतो, सुटताना किंचित घसरतो. काही ठिकाणी एकाच वेळी दोन रेघा आहेत. पक्ष्याच्या श्वासनळीच्या तळाशी असलेल्या सिरिंक्स या स्वरयंत्राला दोन बाजू असतात, आणि थ्रश कुळातले अनेक पक्षी त्या वेगवेगळ्या चालवू शकतात. स्वर एकच, पण आत सतत हालचाल. पियानोचा स्वर याच्या नेमका उलट वागतो: ठोका पडला की उंची कायमची ठरते, आणि पुढे फक्त विझणं उरतं.

ही आतली हालचाल पियानोवर आणायची एकच जागा आहे, ती म्हणजे जवळच्या स्वरांची घासाघीस. चौथ्या सप्तकातला ई ३२९.६ हर्ट्झचा आणि एफ ३४९.२ चा. एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे वीस कंप ऐकू येतात. स्वर स्थिर असतो आणि त्याच्या आत थरथर असते. मी ही घासाघीस मेलडीच्या खाली लपवली: वर बी, खाली एफ आणि ई, त्याखाली बी फ्लॅट. वरचा बी नीट ऐकू येईल इतका ठेवला, खालचे तीन जेमतेम.

पहिल्यांदाच पियानोवर कंठ ऐकू आला. कॉर्ड म्हणून ती ऐकूच येत नाही. बी हाच स्वर वेगळ्या गळ्यातून आल्यासारखा वाटतो. मेसियाँच्या चौथ्या मुद्द्याचा अर्थ मला इथे लागला. ही हार्मनी स्वराच्या खाली नसते, स्वराच्या आत असते. तिचं नातं मागच्या-पुढच्या कॉर्डशी नंतर, आधी तिच्याच वरच्या स्वराशी.

३० मार्च

पाचही स्वरांना आपापल्या कॉर्ड दिल्या. नियम असे ठरले, आणि ते पुढच्या वाक्यांनाही लागू पडले. गोल स्वराला खाली मोकळी जागा आणि तळाशी लहान नववीचं (तेरा अर्ध्या स्वरांचं) अंतर. धारदार स्वराला वरच्या स्वराच्या लगेच खाली ट्रायटोन (सहा अर्ध्या स्वरांचं अंतर). सुटणाऱ्या शेवटच्या स्वराला घासाघीस नाही: जी, ई, सी शार्प, बी फ्लॅट, सगळे लहान तिसरीच्या, म्हणजे तीन अर्ध्या स्वरांच्या, अंतरावर. तिथे आवाज आपोआप सैल पडतो.

एकक लांबीच्या चौथ्या स्वराला चारऐवजी तीनच स्वरांची कॉर्ड ठेवली. कान तेवढ्या वेळात चौथा स्वर ऐकत नाही, हाताला मात्र तो जड होतो.

४ एप्रिल

कॉर्ड चाचपडत निवडल्या होत्या. मग तपासलं तर सगळे स्वर एकाच मोडमध्ये (ठरलेल्या स्वरांच्या समूहात) निघाले. मेसियाँच्या मर्यादित स्थानांतराच्या, म्हणजे मोजक्याच वेळा सरकवता येणाऱ्या, मोडपैकी दुसरा, त्याचं दुसरं स्थानांतर: सी शार्प, डी, ई, एफ, जी, जी शार्प, बी फ्लॅट, बी. अर्धा स्वर, पूर्ण स्वर, अर्धा, पूर्ण. पक्ष्याचे रुंद केलेले पाचही स्वर त्यात बसतात, हा योग होता. पण योग असला तरी तो कामाचा: पुढच्या वाक्यांसाठी आठ स्वरांची पेटी तयार मिळाली.

मेसियाँना ध्वनी ऐकताना मनात रंग दिसत. दुसऱ्या मोडचं पहिलं स्थानांतर त्यांना निळं-जांभळं दिसे, हे दुसरं सोनेरी आणि तपकिरी. मला रंग दिसत नाहीत. तरीही त्यांचं म्हणणं मी कामाला लावलं. मोडचं स्थानांतर बदललं की वाक्याचा उजेड बदलतो, हे कुणालाही ऐकू येतं. म्हणून पक्षी फांदी बदलतो तिथे (ध्वनिमुद्रणात तो एकदा चक्क लांब जातो) तिसऱ्या स्थानांतरावर गेलो. आकार आणि लय तोच धागा धरून आहेत, बदललाय तो फक्त उजेड.

एक सावधगिरी. दुसऱ्या मोडमध्ये डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड (शेवटच्या स्वराला दिली तशा, लहान तिसरीच्या अंतरांच्या) फुकट मिळतात आणि बोटं तिकडेच धावतात. दोन ओळी सलग तशा झाल्या तर भयपटाचं पार्श्वसंगीत होतं. मी शेवटच्या स्वरापुरतीच ती ठेवली.

१३ एप्रिल

थांबण्याच्या जागा. ब्लॅकबर्ड वाक्य म्हणून झालं की भरपूर वेळ गप्प असतो. आधीच्या खर्ड्यात मी या जागा कमी केल्या होत्या, ऐकणारा कंटाळेल म्हणून. ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकलं की कळतं, घाई झाल्यामुळे वाक्य प्रश्नासारखं लटकतच नाही. जागा परत पूर्ण लांबीच्या केल्या.

या शांततेत पहाट हवी होती. 'कातालोग द्वाझो'तल्या दुसऱ्या रचनेत हळद्याचा युरोपातला भाऊबंद गातो, आणि त्याच्याभोवती ई मेजरच्या संथ, मऊ कॉर्ड आहेत. निसर्गचित्राला शांत, ओळखीची हार्मनी आणि पक्ष्याला अनोळखी, ही विभागणी मी उचलली. ई, जी शार्प, बी, डी: ई सेव्हन्थ, खाली, अगदी हलकी, पेडलवर धरून.

चाललं नाही. पक्षी पुन्हा विरघळला. कारण शोधायला दोन दिवस गेले, आणि सापडलं तेव्हा समोरच होतं: ई सेव्हन्थचे चारही स्वर माझ्या मोडमध्येच आहेत. पक्षी आणि पहाट एकाच आठ स्वरांतून आल्यामुळे कान दोघांना एकच वस्तू समजत होता.

मोडच्या बाहेरचे स्वर लागतात. ए, ई, सी शार्प, एफ शार्प अशी ए मेजरला सहावा स्वर जोडलेली कॉर्ड घेतली. ए आणि एफ शार्प हे दोन्ही मोडमध्ये नाहीत. लगेच फरक पडला. पहाट मागे सरकली आणि पक्षी तिच्या पुढे, नेमक्या जागी बसला. मेसियाँ ए मेजरला निळ्या रंगाशी जोडत, हे नंतर आठवलं आणि बरं वाटलं, पण निवड त्यासाठी केलेली नाही.

२० एप्रिल

शीळेनंतरची चिवचिव. हिला दोन सप्तकं उतरवलं की तीही पियानोच्या गाणाऱ्या भागाकडे सरकते आणि वाक्याचे दोन भाग तितके वेगळे वाटत नाहीत. म्हणून तिला एकच सप्तक उतरवलं. प्रमाण मोडलं, पण मूळ गाण्यात शीळ जवळची आणि चिवचिव दूरची वाटते, तो दुरावा टिकला.

इथे कॉर्ड नाहीतच. शेजारच्या दोन पट्ट्या, डाव्या पेडलसह, जितकं हलकं जमेल तितकं. आणि एक यांत्रिक बाब: पियानोच्या अगदी वरच्या पट्ट्यांना डॅम्पर (तार थांबवणाऱ्या गाद्या) नसतात. तिथे उजवं पेडल उचललं तरी स्वर आपल्या वेळेनेच विझतो. मी स्वर कोरडा करायला पेडल बदलत होतो, ते निरर्थक होतं. उलट खालची पहाट मात्र तुटत होती. आता चिवचिव चालू असताना पेडलला हात, म्हणजे पाय, लावत नाही.

२ मे

पक्षीनिरीक्षणात मुरलेल्या मैत्रिणीला ऐकवलं. कोणता पक्षी ते सांगितलं नव्हतं. आधी एक-एक स्वरांचा जुना खर्डा. ती म्हणाली, "छान आहे, पण यात पक्षी कुठे आहे?" मग नवा. दुसरं वाक्य संपता संपता तिने हात वर केला. "थ्रश कुळातला आहे. ती शेवटची चिवचिव ब्लॅकबर्डसारखी." मग तिने जे सांगितलं त्याने काम पुढे गेलं: "पण हा फार एकसारखा जोरात गातोय. खरा पक्षी मान वळवतो."

अगदी खरं. पक्ष्याने डोकं फिरवलं की आवाजाची ताकदच काय, पोतही बदलतो. पानावर मी प्रत्येक वाक्याला एकच डायनॅमिक (आवाजाच्या जोराची खूण) लिहिला होता. आता प्रत्येक स्वराला वेगळा आहे. काही वाक्यांत वरचा स्वर ठळक आणि कॉर्ड मागे. दोन वाक्यांत उलट, कॉर्ड पुढे आणि वरचा स्वर जवळजवळ गिळलेला. तिथे पक्षी पाठमोरा झाल्याचं ऐकू येतं. हार्मनी एकही स्वर बदललेली नाही, फक्त वजन हललं.

१७ मे

बोटांचं काम. कॉर्डचे स्वर डाव्या-उजव्या हातात कसे वाटायचे, यात कागदावर सोपं वाटणारं सगळं वाजवताना अडतं. घासणारे दोन शेजारी स्वर एकाच हातात ठेवले की दोघांचं वजन समान येतं आणि थरथर नीट ऐकू येते. वेगवेगळ्या हातांत गेले की एक नेहमी आधी पडतो आणि कॉर्ड तुटते. वरचा स्वर शक्यतो उजव्या करंगळीकडे, आणि सराव करताना आधी फक्त करंगळीची ओळ, मग बाकीचे स्वर पट्टीला स्पर्श करून पण न दाबता, आणि मग सगळं. संथ लयीत सगळं एकदम बसवायला गेलो तर वजन समान होऊन बसतं, आणि मग ते सुटता सुटत नाही.

लय शेवटी क्वेव्हरला ९६ ठेवली. १०७ ला बोटं पोहोचतात, पण कॉर्डला ऐकू येण्यापुरता वेळ मिळत नाही.

३ जून

पान पूर्ण. सात वाक्यं, मधल्या पहाटेच्या जागांसकट तीन मिनिटांच्या थोडं आत. जे कुणी हे करून बघतील त्यांनी वेळाचा अंदाज असा धरावा: ऐकून लिहिण्याला वाटतं त्याच्या दुप्पट, आणि कॉर्ड निवडण्याला त्या सगळ्याहून जास्त. कॉर्ड निवडताना पियानोसमोर बसून निवडा. संगणकावरचा पियानोचा आवाज घासाघीस गुळगुळीत करून देतो आणि त्यावर ठरवलेलं वजन खऱ्या वाद्यावर चुकतं. माझ्या तिसऱ्या आणि पाचव्या वाक्याच्या कॉर्ड त्यामुळेच पुन्हा कराव्या लागल्या.

सातव्या वाक्यातली एक लांब मींड अजून सुटलेली नाही. ती जवळजवळ पाच अर्धे स्वर घसरते, तुटक पावलं न टाकता. कणस्वर लावले तर पायऱ्या ऐकू येतात, ग्लिसांडो (पट्ट्यांवरून बोट सरकवणं) दिला तर पक्षी जाऊन पियानो येतो. सध्या तिथे दोन कॉर्ड आहेत. पहिली पेडलमध्ये विझत असताना दुसरी तिच्याहून हलकी पडते, आणि त्यांचे मधले दोन स्वर सामाईक आहेत. मींड ऐकू येत नाही, पण कान ती जोडून घेतो असं मैत्रीण म्हणते. मला अजून पटलेलं नाही. सामाईक स्वर दोनाऐवजी एक करून पुढच्या आठवड्यात पुन्हा बघणार आहे.